व्हॅक्यूम क्लीनर सलग किती वेळ चालवावा? चतुर्थीची साफसफाई चालू आहे आणि मध्येच बंद पडतोय

कवळ्याची_सून
नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आमचं मूळ घर कवळ्याला, फोंडा तालुक्यात. जुनं कौलारू घर, एरवी बंदच असतं आणि चतुर्थीला सगळं कुटुंब तिथे जमतं, त्यामुळे आधी मी आणि जाऊबाई येऊन साफसफाई करतो. ह्या वेळी मडगावच्या फ्लॅटमधला व्हॅक्यूम क्लीनर सोबत आणलाय, साधा कापडी बॅगवाला, १४०० वॅट. फ्लॅटमध्ये त्याने कधीच त्रास दिला नाही पण इथे अर्धा तास झाला की आवाज एकदम चिरका होतो, मागून गरम हवा यायला लागते आणि मग बंदच पडतो. दहा-पंधरा मिनिटांनी परत चालू होतो पण दुसऱ्या वेळी त्याहून लवकर बंद पडतो. नवरा म्हणतो काही होत नाही, दहा मिनिटं थांब आणि चालव. सासूबाई म्हणतात जळेल तो, उद्यापर्यंत हात लावू नकोस. देवघर आणि बाहेरची खोली झाली, माळा आणि आतल्या दोन खोल्या राहिल्यात आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधायच्या आधी वरचं सगळं व्हायला हवं, नाहीतर वरून पडणारी धूळ सगळी फळांवर बसते. तर सलग किती वेळ चालवला तर सुरक्षित? आणि बंद पडला तर किती वेळ थांबायचं?

साखळीकर
मशीन उलटं करून खाली जी प्लेट असते ती वाचा. तिथे केबी असं लिहून पुढे मिनिटं दिली असतील तर तेवढाच वेळ सलग चालवायचं. काही लिहिलं नसेल तर मॅन्युअल बघा. आमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये अर्धा तास दिलाय.

रिवाइंडिंग_फोंडा
ताई, माझं मोटर रिवाइंडिंगचंच काम आहे, पंप, मिक्सर, ग्राइंडर सगळं येतं आणि चतुर्थीच्या तोंडावर व्हॅक्यूमही येतात. आधी दोन गोष्टी सांगा. बंद पडतो तेव्हा बॅग किती भरलेली असते आणि पुढे कुठलं नोझल लावून काम करताय? कारण तुम्ही आवाजाचं जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे.

कवळ्याची_सून
बॅग अर्धी पण भरलेली नसते हो. सगळी बारीक लाल धूळ, पिठासारखी, कौलांची आणि चिऱ्याची. नोझल म्हणाल तर ते चपटं लांब तोंडाचं, कोपऱ्यातलं काढायला असतं ते, वाशांच्या आणि रिपांच्या फटीत दुसरं काही जातच नाही. प्लेटवर केबी वगैरे काही नाही, व्होल्ट आणि वॅट एवढंच आहे.

रिवाइंडिंग_फोंडा
मग कळलं. नीट सांगतो, थोडं लांबेल पण एकदा समजलं की घड्याळ बघायची गरज पडणार नाही.

घरगुती ड्राय व्हॅक्यूममध्ये मिक्सरसारखीच कार्बनवाली मोटर असते, म्हणजे फिरत्या भागाला घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून करंट घेणारी, फक्त स्पीड फार जास्त, मिनिटाला २० ते ३० हजार फेऱ्या. एवढ्या स्पीडला ती तापणारच. तिला थंड करायला वेगळा पंखा नसतो, पाइपातून जी हवा ओढली जाते तीच बॅगेतून गाळून मोटरच्या वाइंडिंगवरून, म्हणजे तारेच्या गुंडाळीवरून, जाते आणि मागून बाहेर पडते. म्हणजे कचरा ओढणारी हवा आणि मोटर थंड करणारी हवा एकच. आता तुम्ही पुढे चपटं नोझल लावलंत, तिथे हवा कमी झाली. बॅगेच्या कापडाची भोकं लाल पिठाने बुजली, तिथे आणखी कमी झाली. बॅग अर्धी रिकामी दिसते म्हणून आपल्याला वाटतं जागा आहे, पण जागेचा प्रश्नच नाही, कापडातून हवा जात नाही हा प्रश्न आहे. केस, कापूस, कागदाचे तुकडे असला कचरा असेल तर बॅग पूर्ण भरेपर्यंत हवा जात राहते. चिऱ्याची धूळ मूठभर गेली तरी कापड बंद करते. फ्लॅटमध्ये ही धूळ नाही म्हणून तिथे त्रास नाही.

आवाज चिरका होतो तेव्हा लोकांना वाटतं मोटरवर लोड आलाय. उलट असतं. हवा ओढायलाच मिळाली नाही की आतल्या फॅनवरचा लोड कमी होतो, मोटर सुटते, स्पीड वाढतो म्हणून आवाज बारीक होतो. त्या वेळी करंटसुद्धा कमी झालेला असतो. पण जी काय उष्णता तयार होते ती बाहेर न्यायला हवाच नाही, मग आत साठत जाते. म्हणून चिरका आवाज आला की तिथेच स्विच बंद करायचा, मिनिटं किती झाली ते बघत बसायचं नाही.

आता बंद पडण्याचं. मोटरवर एक थर्मल कटआउट असतो, ठरावीक गरमीला सर्किट तोडतो आणि थंड झाला की परत जोडतो. तो छोटा असतो, लवकर थंड होतो, पण आतलं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), तांबं, लोखंड एवढं सगळं दहा मिनिटांत थंड होत नाही. म्हणून तुमचा परत चालू होतो आणि मग लवकर बंद पडतो, कारण सुरुवातच गरम मोटरने झालेली असते. कटआउट पडला की किमान पाऊण तास, तासभर झाला तर उत्तम. बॅग उघडून ठेवा, पाइप काढून ठेवा. उद्यापर्यंत थांबायची गरज नाही. पण सासूबाईंची भीती खोटी नाही एवढं नक्की सांगतो. वाइंडिंगच्या तारेवर जो वार्निशचा थर असतो त्याची गरमी सोसायची एक हद्द असते, क्लास ई असेल तर १२० डिग्री, बी असेल तर १३०, एफ असेल तर १५५. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे की त्या हद्दीच्या वर प्रत्येक १० डिग्रीला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होत जातं. एकदा कटआउट पडल्याने मोटर जळत नाही. रोज रोज तीन-चार वेळा पाडलात तर मात्र थर कडक होऊन तडकतो, आतल्या आत शॉर्ट होतो आणि मग आर्मेचर माझ्या टेबलावर येतं. आणि काही मशीनमध्ये परत जोडणारा कटआउट नसतोच, थर्मल फ्यूज असतो, तो एकदा गेला की बदलल्याशिवाय मशीन चालू होत नाही.

कवळ्याची_सून
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बॅग झटकली तर चालेल का? आणि ते चपटं नोझल लावल्याशिवाय वाशांच्या मधलं कसं काढू?

रिवाइंडिंग_फोंडा
बॅग बाहेर अंगणात नेऊन उलटी करून काठीने चांगली बडवा, तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ छातीत जायला नको. मोटरच्या आधी एक स्पंजचा किंवा कापडाचा तुकडा असतो तो पण काढून झटका, हा फिल्टर आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच बसलेला असतो. पाइप एकदा उजेडासमोर धरून आरपार दिसतं का बघा, माळ्यावर गेलं की सुतळीचे आणि नारळाच्या काथ्याचे तुकडे अडकतात. चपटं नोझल वापरा पण सलग नको, थोडं काम केलं की काढून पाइप नुसता हवेत धरा म्हणजे मोटरला श्वास मिळतो. हँडलवर एक सरकणारी पट्टी असते बघा, भोक उघडणारी, ती चपट्या नोझलच्या वेळी थोडी उघडी ठेवा. ओढ कमी होईल पण जळमटांना तेवढी पुरते. गादी, सोफा, जाड पडदा साफ करतानापण तेच, नोझल कापडाला चिकटून बसलं की हवा बंद.

म्हापसा_काकू
मी म्हणेन वरचं काम आधी लांब काठीच्या झाडूने करून घे गं. जळमटं आणि कोळिष्टकं झाडूने खाली पाडायची, खाली जुनी चादर अंथरायची, आणि मग जे जमिनीवर पडेल ते मोठ्या नोझलने ओढायचं. वाशांवर मशीन धरून हात पण भरून येतात आणि मान पण. पूर्वी आमच्याकडे चतुर्थीच्या आधी कौलं काढून परत शाकारताना वरचं सगळं आपोआप साफ व्हायचं, आता कौलं कोणी काढत नाही म्हणून एवढी धूळ साठते.

आणि बंद घर आहे तर उंदराच्या लेंड्या असतील माळ्यावर. त्या मशीनने ओढू नकोस, सुके झाडूस पण नकोस, हवेत उडून श्वासात जातं. हातमोजे घाल, ब्लीचचं पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं ठेव आणि मग कागदाने टिपून पिशवीत बांधून टाक. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास वारा खेळू दे आणि मगच कामाला लाग.

वायरमन_डिचोली
मशीनचं सगळं बरोबर सांगितलंय, मी वायरीचं सांगतो कारण जुन्या घरात आग लागते ती मशीनमुळे कमी आणि प्लग-वायरमुळे जास्त. १४०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ६ अँपियरच्या थोडं वर. आपलं छोटं सॉकेट ६ अँपियरचं असतं. म्हणजे तुम्ही त्याच्या हद्दीवर चालवताय, तेही अर्धा अर्धा तास. पिना सैल असतील, आत गंज असेल तर तिथे ठिणगी पडून प्लास्टिक वितळतं. १६ अँपियरचं मोठं सॉकेट असेल, फ्रीजचं किंवा गिझरचं, तर तिथे लावा. वीस मिनिटं चालवल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनेला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ते सॉकेट वापरू नका.

दुसरं, एक्स्टेन्शन. माळ्यावर जायचं म्हणजे एक्स्टेन्शन आलंच. दोनशे रुपयांचं बारीक वायरीचं घेऊ नका. आणि रिळावर गुंडाळलेलं असेल तर पूर्ण उलगडून मगच लोड द्या, गुंडाळलेल्या वायरीची गरमी आतच राहते आणि इन्सुलेशन पातळ होतं. मशीनच्या आतल्या वायरीचं पण तेच, बटण दाबलं की आत जाते ती. तिच्यावर पिवळी खूण असते तिथपर्यंत पूर्ण ओढून घ्या. लाल खुणेच्या पुढे ओढू नका, तिथे वायर तुटते. बरेच जण जवळच्या प्लगला लावतात म्हणून हातभरच बाहेर काढतात आणि बाकीची गुंडाळी मोटरच्या बाजूलाच तापत बसते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. कटआउट पडून बंद झाला की आधी स्विच बंद करा आणि प्लग काढा. स्विच चालूच ठेवून चहा प्यायला गेलात, बाजारात गेलात, तर थंड झाला की तो आपोआप चालू होतो आणि बंद घरात एकटा फिरत बसतो. लहान मुलं असतील तर आणखीच वाईट. आणि जुन्या घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर चतुर्थीच्या आधी ३० मिलिअँपियरचा बसवून घ्याच, पावसात भिंती ओल्या असतात, त्यात दिव्यांच्या माळा लावणार, माणसं वावरणार. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

पेडणेकर
आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज एकदम खाली जातं पावसात. त्यामुळे पण गरम होत असेल का? फ्रीजला स्टॅबिलायझर आहे तोच लावला तर?

रिवाइंडिंग_फोंडा
फ्रीजचं वेगळं असतं. कॉम्प्रेसर व्होल्टेज कमी झालं तर तेवढंच काम ओढायला करंट जास्त खातो म्हणून तापतो. ह्या कार्बनवाल्या मोटरला पुढे फॅन आहे, व्होल्टेज पडलं की स्पीडच पडतो आणि फॅनचा लोडही पडतो. ओढ कमी होते एवढंच, जळायची भीती नाही. व्होल्टेज २५० च्या वर गेलं तर मात्र बंद ठेवा. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर १४०० वॅट टाकू नका, तो तेवढ्यासाठी नसतो. घरच्या इन्व्हर्टरवरही नको, ८५० व्हीएचा असेल तर लगेच ओव्हरलोड दाखवेल.

मांद्रे_होमस्टे
ताईंच्या प्रश्नाला धरूनच विचारते. आमचं मांद्र्याला होमस्टे आहे, खोल्यांमध्ये रेती येते ती विचारू नका, पाहुणे समुद्रावरून आले की पायाला, टॉवेलला, बिछान्यात सगळीकडे रेती. सीझनला रोज दोन-दोन तास मशीन चालतं, मध्ये थोडा आराम देतो. बॅग रोज झटकतो, गरम पण होत नाही, तरी दोन सीझनच्या वर कुठलंच मशीन टिकत नाही. खारी हवा कारण आहे की आमचं वापरणं चुकतंय?

रिवाइंडिंग_फोंडा
बाय, तुमचं वापरणं चांगलंच आहे, मशीन चुकीचं आहे. सलग किती वेळ हा एक हिशोब आणि एकूण किती तास हा दुसरा. घरगुती मशीनच्या मोटरला एकूण आयुष्यच ठरलेलं असतं, कार्बन झिजतो, तो ज्यावर घासतो तो तांब्याचा कम्युटेटर झिजतो, बेअरिंग जातं. युरोपात २०१३ सालच्या नियमाने व्हॅक्यूमची मोटर किमान ५०० तास टिकली पाहिजे असं ठरवलंय. घरात आठवड्याला एक तास वापर धरला तर ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षं झाली. तुमचे रोज दोन तास म्हणजे ५०० तास आठ-साडेआठ महिन्यांत संपतात. दोन सीझन टिकतं म्हणजे तुम्ही त्याच्याकडून पुरेपूर काम करून घेताय.

तुम्ही वेट अँड ड्राय घ्या, ओलं-सुकं दोन्ही ओढणारं, हॉटेलवाल्यांचं. त्याच्या मोटरला थंड करायला वेगळा पंखा आणि वेगळा हवेचा रस्ता असतो, आम्ही बायपास मोटर म्हणतो. कचऱ्याची हवा वाइंडिंगवरून जातच नाही, त्यामुळे फिल्टर थोडा बुजला तरी मोटर लगेच तापत नाही आणि बारीक रेती, मीठ आत जात नाही. घेताना दुकानदाराला विचारा की कार्बन बाहेरून बदलता येतो का आणि सुटा मिळतो का. बरोबर वेळेवर कार्बन बदलला तर आर्मेचर वाचतं. खारी हवा बेअरिंगला आणि कम्युटेटरला लागतेच, सीझन संपला की मशीन पावसाळाभर तसंच कोपऱ्यात ठेवू नका, महिन्यातून एकदा-दोनदा पाच मिनिटं चालवा.

मांद्रे_होमस्टे
बरं झालं विचारलं. आता मी पण एक सांगते, ताईंना उपयोगी पडेल. फिल्टर धुता येतो असं लिहिलं असलं तरी पावसात धुवायच्या आधी विचार करा. मॅन्युअलमध्ये २४ तास वाळवा म्हणतात ते कोरड्या हवेत. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात दोरीवर दोन दिवस ठेवला तरी मधला थर ओलाच राहतो, बोटाने दाबलं की गार लागतो. तसाच घातला तर धूळ त्यावर चिखलासारखी बसते, दुसऱ्या दिवशी मशीनमधून कुबट वास येतो आणि तो वास गादीपर्यंत जातो. आम्ही दोन फिल्टर ठेवतो, एक आत, एक पंख्याखाली. धुवायला वेळ नसेल तर नुसता मऊ ब्रशने झटकलेला बरा.

कवळ्याची_सून
सगळ्यांना देव बरें करूं. आज सकाळी बॅग बडवली तर अंगणात लाल ढग झाला, आणि आत खरंच एक स्पंज होता तो मी पहिल्यांदाच बघितला, काळा कुळकुळीत. मोठ्या सॉकेटला लावलं, वायर पिवळ्या खुणेपर्यंत ओढली. काकूंनी सांगितल्यासारखं वरचं झाडूने पाडून खालून ओढलं, आतली एक खोली पूर्ण झाली आणि एकदाही बंद पडला नाही. मागची हवा कोमट होती. फक्त एक राहिलं, सुरुवातीला थोडा जळकट वास आला होता आणि मागच्या जाळीतून आत निळी ठिणगी दिसली. घाबरायचं का?

रिवाइंडिंग_फोंडा
कार्बनच्या टोकाशी बारीक निळी ठिणगी असते ती सगळ्याच अशा मोटरला असते. पिवळी किंवा लालसर ठिणगी कम्युटेटरभर गोल फिरताना दिसली तर लगेच बंद, कार्बन संपलाय किंवा आर्मेचरमध्ये शॉर्ट आहे. वासात फरक ओळखा. धूळ तापल्याचा वास पाच मिनिटांत जातो. वार्निशचा वास उग्र, डोळ्याला झोंबणारा असतो आणि वाढत जातो, तो आला तर चालवू नका. आता तुमचं रुटीन असं ठेवा: वीस-पंचवीस मिनिटं काम, मग बंद करून बॅग झटका, दहा मिनिटं तुम्हीपण बसा, परत चालू. मोठ्या नोझलने साधा कचरा असेल आणि मागची हवा कोमट असेल तर अर्धा-पाऊण तास चालला तरी काही होत नाही. लाल धूळ असेल तर पंधरा मिनिटांनीच बॅग बघा. आणि देवघरातली धूपाची, उदबत्तीची राख मशीनने ओढू नका, आत एक निखारा राहिला तरी बॅग पेटते.

कवळ्याची_सून
राख कापडानेच पुसते मी. माळा उद्या करतो, तिथे वायरमन भाऊंनी सांगितलं तसं चांगल्या वायरीचं एक्स्टेन्शन नवऱ्याला आज फोंड्याहून आणायला सांगितलंय आणि आरसीसीबीसाठी माणूस परवा येतोय.